उलटे आटे

मुरारच्या लिलावातून अकरा ट्रेलर आले,
एकाचाही पुढचा पाय जागेवर नाही.
सगळे नाक जमिनीला लावून उभे,
जणू अंगणात कुणाची मोरणी पडलीय
आणि मिळून शोधतायत.
कागदावर लिहिलेलं:
जसे आहे तसे, जेथे आहे तेथे.
माझ्या लग्नाच्या याद्यांतही साधारण हेच होतं.

हे गेले तेव्हा जिन्सी नाल्यावरचे लोक म्हणाले,
वहिनी, भंगारात काढा.
मी तेराव्यानंतर गोदामाचं कुलूप उघडलं
आणि ग्रीसचा वास
ह्यांच्या सदऱ्यासारखा अंगावर आला.

नसरू ग्राइंडर लावतो. पापुद्रे निघतात:
हिरवा,
त्याखाली वाळूचा,
त्याखाली परत हिरवा,
तळाशी प्राइमर, शेंदरासारखा.
कुठे कुठे जाऊन आली असेल रे ही?
"भाभी, गेली तिथे मागे मागेच गेली."

पहिल्याच वर्षी मी डाव्या चाकाच्या नटाला लटकले होते,
पान्याला पाइप लावून, पदर खोचून, सगळ्या वजनानिशी.
बोल्ट तुटला.
तेव्हा कळलं, या जुन्या गाड्यांना
डावीकडे उलटे आटे असतात.
सोडायचं तर आवळल्यासारखं फिरवायचं.
ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं.
बलकारसिंगाच्या उधारीचंही नाही,
छातीत कळ येते तेही नाही.
त्या रात्री मी भिंतीवरच्या फोटोशी
बरंच काही बोलले, तेही उलट्या आट्यांनीच.

सुट्या भागांचा धंदा पैशावर चालत नाही.
कोणाकडे काय पडलंय हे ज्याला पाठ, तो शेठ.
पठाणकोटला बलकारसिंगाकडे पुढचे पाय आहेत, चार.
त्याला बदल्यात ब्रेकचे ड्रम हवेत.
ड्रम आहेत वडोदऱ्याच्या एका पारशी म्हाताऱ्याकडे,
तो देत नाही, फक्त दाखवतो.
म्हाताऱ्याला हवी दांडीची कडी,
आणि कडी माझ्याकडे आहे,
पलंगाखाली, साडीच्या जुन्या अस्तरात गुंडाळलेली.
अजून घाई नाही.

सिकरवार मुरैन्याहून आला. मधमाश्या पाळतो.
मोहरी सरली की पेट्या घेऊन
लिचीच्या मागे पार बिहारपर्यंत.
म्हणाला, माश्यांना धक्का चालत नाही.
नऊ पाट्यांची कमान, टनभर ओझ्यासाठी घडवलेली,
हलकं काही ठेवलं की उधळून देते.
आम्ही चार पाटे काढले,
फळ्यांच्या जागी जाळी ठोकली,
चोवीस व्होल्टचे दिवे बारावर आणले.
शेजारचे सुभेदार घोरपडे भिंतीपलीकडून बघत होते.
"चार काढलेत?"
हो.
"आमचे कोणी काढले नाहीत," म्हणाले
आणि केलेला चहा न घेता गेले.

फाल्गुनात रात्री पावणेदोनला फोन.
सिकरवार. कानपूरच्या अलीकडे कुठेतरी, पंक्चर.
"बाईजी, नट जाम आहे, बोल्ट तुटेल आता."
कुठलं चाक?
"डावं."

सांगायचं राहून गेलं होतं.
पावती दिली, ग्रीसचा डबा दिला,
वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या,
आणि हे राहून गेलं.
असं राहून जातं तर.

मी म्हटलं, सोडू नकोस. आवळ.
"काय?"
आवळतोस तसं फिरव.
फोन त्याने बहुतेक पेटीवर ठेवला,
कानात नुसती गुणगुण,
हजारो जणी झोपमोड झाल्यासारख्या.
मग एक बारीक चर्रर्र.

भिंतीकडे न बघता मी म्हटलं,
बस, आता जोर लावू नका.
सिकरवारला वाटलं, त्यालाच.