एका सेकंदाचा पंधरावा भाग

आठवडाभर मी मनामाच्या एका गल्लीत
व्हिसाचे चेहरे काढतो.
पांढरा पडदा, दोन दिवे, स्टुलावर माणूस.
आकडे थंकच्चनने ठरवून दिलेत सहा वर्षांपूर्वी,
चक्रीवर चिकटपट्टी लावून पक्के केलेत :
एफ आठ, एकशे पंचविसावा भाग, आयएसओ शंभर.
दोन्ही कान दिसले पाहिजेत. दात नकोत.
‘हलू नका,’ मी म्हणतो,
आणि माणूस हलत नाही.
असे फोटो कधी बिघडत नाहीत.

शुक्रवारी मुहर्रकला जातो, स्वतःचा कॅमेरा घेऊन.
गावी परतणाऱ्या एका नर्सकडून
तीन हप्त्यांत घेतलेला.
ऑगस्ट. गार बसमधून उतरलो की
भिंगावर धुकं.
पुसलं की पुन्हा धुकं.
इथे कुठलाच आकडा कामाचा नाही.
काचेला बाहेरचा उकाडा अंगवळणी पडेपर्यंत
कॅमेरा मांडीवर घेऊन बसायचं,
ताप उतरायची वाट बघत बसावं तसं,
फक्त उलट.

पत्र्याच्या शेडमध्ये मोतालेब गरगूर विणतो.
मासे धरायचा तारेचा घुमट,
आत माणूस मावेल एवढा.
बरेचदा तो आतच बसलेला असतो,
स्वतःभोवती विणत.

मी ॲपर्चर सताड उघडलं, एक पॉइंट आठ.
उजेड भसकन आत आला,
पण रेखीव उमटली ती एकच तार,
तिच्यावरच्या गंजाच्या ठिपक्यासकट.
मागे मोतालेब
चहात बुडून मऊ पडलेल्या बिस्किटासारखा.

छिद्र आवळलं. आठ.
तार आली, चेहरा आला,
खिळ्यावर टांगलेला जेवणाचा डबाही आला,
पण तेवढ्या उजेडासाठी शटर
पंधराव्या भागापर्यंत रेंगाळलं,
आणि बोटांच्या जागी धूर.

पांघरूणच आखूड.
डोकं झाकलं की पाय उघडे.

मग आयएसओ चढवला, चार हजार.
म्हणजे उसना उजेड,
ज्याचं व्याज दाण्यांनी फेडायचं.
छिद्र पाच पॉइंट सहा, शटर पुन्हा एकशे पंचवीस,
स्टुडिओतली सवय.
सावल्यांमध्ये बारीक वाळू सांडली, सांडू दे,
इथे चहाच्या कपातही असते.
पण काय फोटो आला!
भुवईतला घाम मोजून घ्यावा. तारेचा पीळ.
अंगठ्यावरची जुनी खाच.
सहा वर्षांत एवढा धारदार फोटो
मी काढला नव्हता.

मोतालेबने पडदा नाकाशी धरून पाहिला,
खूप वेळ.
मग म्हणाला, हा नको.
यात हात थांबलाय.
घरचे म्हणतील, बसून असतो.

आणि मागे मागे जात
तो धुराचा काढला.
हा पाठव. यात काम दिसतं.

मी म्हटलं, अरे, यात तूही हललायस,
माझाही हात कापलाय, डबासुद्धा दुहेरी दिसतोय.
तो म्हणाला, मग तुझा हात आवर ना.
माझा कशाला?

एक पालथा गरगूर ओढला, त्यावर कॅमेरा टेकवला.
कोपरं बरगड्यांशी. पुन्हा आठ, पुन्हा पंधरावा भाग.
आयएसओ खाली, आठशेवर. व्याज कमी.
श्वास अर्धा सोडला आणि तिथेच धरला.
मान त्याने आपणहून स्थिर ठेवली,
सवयच असते, डोळा गाठीवर लागला की.
तार जागच्या जागी, डबा जागच्या जागी,
आणि मध्ये दहा बोटं,
किती होती कुणास ठाऊक,
मला तरी तीस दिसली.

तो फोटो भोला जिल्ह्यात गेला, त्याच रात्री.
उत्तर आलं ते डब्याबद्दल :
झाकण बदललंय का?

रविवारी स्टुडिओ. पांढरा पडदा.
स्टुलावर नवा सुतार, कॉलर नीट करतोय.
‘हलू नका,’ मी म्हणतो,
जरा ओशाळूनच,
कारण त्याच्या गळ्यापाशी
एक शीर उडते आहे, थांबत नाही,
आणि मला ठाऊक आहे,
एकशे पंचविसाव्या भागात
ती दिसणार नाही.