मंगळवारचं पाणी

हेगरमनच्या दरीत पाणी
काळ्या कड्याच्या पोटातून थेट बाहेर पडतं,
बारा महिने एकाच गारव्याचं,
इतकं निवळ की बाटली भरली की रिकामीच आहे
हे हलवून बघावं लागतं.
तिथला आकडा मी सवयीनंच लिहिते :
शून्य पूर्णांक तीन.

मग ते व्हर्ल टोलमनकडे कामाला जातं.
सिमेंटच्या चोवीस चरांतून,
लाखो ट्राउटांच्या कल्ल्यांतून,
एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात,
आणि शेवटी, पाइपातून, नदीत.
तिथे माझी दुसरी बाटली.

दर महिन्याचा दुसरा गुरुवार.
व्हर्लला माहीत असतं,
आणि त्याला माहीत असतं हे मला माहीत असतं.
थर्मास घेऊन तो काठावर येतो,
विचारतो, "काय म्हणतंय पाणी?"
गुरुवारी पाणी काहीच वावगं म्हणत नाही.
आकडा परवान्यात बसतो.
तो नातीच्या घोड्याची गोष्ट सांगतो,
घोडं लंगडतंय, डॉक्टर महाग आहे.
आपण त्याला पाण्यात पाहतो असं वाटू नये
म्हणून मी मान वर करून ऐकते.

पण पाइपाच्या खाली शंभर पावलांवर
रबरी बूट घालून उतरलं
की तळ पाय धरून ठेवतो.
दगड उचलावा तर साबणासारखा निसटतो.
वर, कड्याजवळ, अशाच दगडाखाली
वाळूचा कण कणाला शिवून
त्या नळकांड्यात राहणाऱ्या अळ्या आहेत,
बोट लागताच तिरप्या पळणारी
तीन शेपटांची पिल्लं आहेत.
इथे नुसते लाल किडे, दोऱ्याएवढे,
डोकं गाळात, शेपूट वर, हलताहेत.
फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना नाही.
फॉर्म पाण्याचा आहे,
तळाचा नाही.

"मंगळवारी ये," एउसेबिओ म्हणाला होता,
जाळी धुताधुता, माझ्याकडे न बघता.
अकरा वर्षं झाली त्याला इथे.

काल मी रजा काढली.
उजाडताना पलीकडच्या काठावर जाऊन उभी राहिले.
चरांत झाडू फिरत होते,
महिनाभर खाली बसलेलं सगळं उठत होतं,
विष्ठा, खाद्याचा चुरा, कुजके पर,
आणि पाइपातून येत होतं ते
पाणी म्हणवेना,
उतू गेलेला चहा म्हणावा फार तर.
नदीत त्याची वेगळी पट्टी दिसत होती
वळणापर्यंत.
एउसेबिओनं मला पाहिलं.
झाडू थांबवला नाही त्यानं,
उलट जरा जोरातच मारला.

आता ती बाटली ट्विन फॉल्सला
माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.
रजेच्या दिवशी भरलेल्या पाण्याला
नियमात नमुना म्हणत नाहीत.

आमच्या मिरजेच्या आत्या
पुरानंतर निवळीची बी सहाणेवर उगाळायच्या,
माठात सोडायच्या, रात्रभर कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.
सकाळी वरचं पाणी ओगराळ्यानं अलगद,
जणू त्याची झोप मोडेल.
खालचं अळूला.
माझ्याकडे अळू नाही.

एका दिवसात बाटली आपोआप निवळली आहे.
वर काच आहे की पाणी कळत नाही,
खाली दोन बोटं काळा गाळ,
मऊ, शहाण्यासारखा बसलेला.
कुणाला वरचंच दाखवलं
तर तो पिऊनही टाकेल.

फ्रीजमध्ये व्हर्लनं दिलेले दोन मासे आहेत,
साफ केलेले, कागदात नीट गुंडाळलेले.
घ्यायला नको होते. घेतले.
हळद-मीठ लावून ठेवलंय.

उद्या गुरुवार.
मीटर टेबलावर आहे, त्याचा हिरवा दिवा लागलाय.
मोजण्याआधी बाटली हलवायची असते,
हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.