वायर

मंडईची रात्र. धान कापलेल्या बांदीत
तणसावर गोणपाट टाकून बसलो.
जनरेटर दोनदा खोकला
आणि स्टेजवर आले चौघे,
करंट म्युझिकल ग्रुप, आरमोरी.
पूर्वी सहा होते.

सत्त्याऐंशी साली यांनीच आणला
आमच्या गावात पहिला सिंथेसायझर.
हार्मोनियमवाले डोमाजी म्हणाले,
"ना हवा, ना भाता,
हे वाजते कायच्या भरोशावर?"
आवाज जणू ट्यूबलाइटमधून येत होता,
पांढरा, थंड, थोडा थरथरता,
आणि मुखरू दोनाडकर
रात्रीही काळा चष्मा लावून गात होता,
कुणाकडेच न पाहता.
मी अकरावीत. पहिल्या रांगेत.
वाटलं, एकदा तरी पाहील.

आता त्या चष्म्याला नंबर आहे.
जॅकेटची चमकी काखेत उसवलेली.
दोन गाण्यांच्या मध्ये स्टुलावर बसतो,
फ्लास्कमधलं गरम पाणी पितो.
पण सुरू झाला की
मान तशीच तिरपी.

पोरं मोबाईल वर करतात, खाली करतात,
खर्रा घोटतात.
मी उठून पुढे गेले, गुडघ्यांना न विचारता,
स्टेजला पोट टेकेपर्यंत.
डावा स्पीकर मुका होता.
मनात म्हटलं, वय झालं त्याचंही.

तेवढ्यात त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
थेट माझ्याकडे पाहिलं,
आणि माइकवरूनच,
"पाय काढा जी बाई,
वायर दबून रायला."

काढला.
डाव्या कानात एकदम
ट्यूबलाइट लागला.