मोटरकडची लाट

मकरपुऱ्याच्या तिसऱ्या शेडमध्ये
शटरच्या पट्ट्या एकमेकींत अडकायला तयार नव्हत्या.
ऐंशी पट्ट्या भंगारात गेल्यावर
फतेसिंगने फोन केला,
"मोहितेबेन, पतरुं नाचे छे."

पत्रा नाचत नाही, फतेसिंग.
त्याची एक कड लांब होते
आणि जास्तीच्या लांबीला जायला जागा नसते.
साडीला फॉल लावताना हात जरा ओढला गेला
की काठ जशा चुण्या धरतो,
तशी ती वीत-वीतभर अंतरावर उठते आणि बसते.

त्याने जगरहाटीप्रमाणे दाब वाढवला होता.
मग आणखी वाढवला.
हर्षिलभाई कॉइलवाल्याशी फोनवर भांडून
लालबुंद होऊन बसले होते.

मी कॉइल उलटी चढवायला लावली.
क्रेन, पट्टा, पाऊण तास.
आता डावी कड उजवीकडे.
दोष कॉइलचा असता तर लाटेनेही बाजू बदलली असती.
ती राहिली मोटरच्याच बाजूला,
जुन्या पागडीच्या भाडेकरूसारखी, हलायला नको.

म्हणजे यंत्र.

सात रोल. वर तीन, खाली चार.
सुरुवातीला पत्र्याला खोल वाकवायचं,
इतकं, की वेटोळ्यातली झोप त्याने विसरावी.
पुढे पुढे सैल,
शेवटच्या रोलपाशी जवळजवळ नुसता हात फिरवल्यासारखं.
भीतभीत वाकवलं तर तो मान डोलावतो
आणि दोन हातांवर जाऊन पुन्हा वळतो.
तरसाळीच्या आयटीआयत हे फळ्यावर होतं.
समजलं ते डाह्याकाकांकडे,
त्यांच्या एका हातात माझं मनगट,
दुसऱ्यात बजरची डबी.

रोल पुसले. फीलर गेज काढलं.
फतेसिंगच्या बाजूला पान सहज गेलं,
मोटरच्या बाजूला तेच पान अडलं.
दिवसभर गुजराती बोलते मी,
मोजते मात्र मराठीत,
अठ्ठावन्न, एकोणसाठ,
आई मोगऱ्याच्या कळ्या मोजायची तशी, ओठ न हलवता.

खालच्या रोलचं बेअरिंग घर उचललं.
ग्रीसच्या थराखाली
हिरव्या पत्र्याचा एक तुकडा.
त्यावर अर्धं हरीण, एक शिंग.
चारही कोपरे गोल घासलेले.

कोपरे फक्त काकाच घासायचे.
"पछी कोईनो हाथ न कपाय."

तेव्हा त्या बाजूचं बेअरिंग झिजलं होतं,
रोल केसभर खाली बसायचा.
नव्याला पैसे नव्हते किंवा वेळ नव्हता,
काकांनी डबी कापली आणि रोल उचलून धरला.
काका गेले. तुकडा राहिला,
बारा वर्षं, त्याची कुठे नोंद नाही.

गेल्या रविवारी नवी बेअरिंग बसवली.
आता रोल आपल्या उंचीवर उभा,
आणि खालून हा अजून
इमानाने ढकलतोय वर.
दाबली जाणारी कड लांबणार नाही तर काय होईल?

बसवली कुणी?
मीच.
रविवार होता, घरी पाहुणे होते, खाली हात घातला नाही.

फतेसिंग काही बोलला नाही.
त्याने चहा माझ्याकडे सरकवला,
बशीत ओतून, निवायला.

सहा वाजता पत्रा निघाला,
टेबलावर ठेवला तर चारही बाजूंनी टेकला.
पट्टीत पट्टी सरकली.
हर्षिलभाईंनी कॉइलवाल्याला पुन्हा फोन लावला,
या वेळी आवाज हळू.

वहीत लिहिलं:
मोटरकडची शिम काढली.
कुणी ठेवली होती, ते लिहिलं नाही.
कुणी बघायची राहिली, ते लिहिलं.

तुकडा माझ्या डब्यात आहे, फीलरच्या शेजारी.
एवढ्या वर्षांनी त्याला बजरचा वास कुठून असणार,
पण निघताना मला दोनदा शिंक आली.

पत्र्याच्या मधोमध अंगठ्याने दाबलं
तर अजून टक् करून आवाज येतो.
ते खरंच कॉइलचं आहे.
ते उद्या.