येण्याचे कारण

पेपर अकरा दिवस पुढे गेला
तेव्हा खोलीतल्या बाकीच्या तिघी गोव्याला गेल्या.
माझ्याकडे बाराशे साठ रुपये होते
आणि कुठेतरी नुसतं बसून राहावं, एवढीच इच्छा.
सोलापूर, कारण गाडी तिथे संपत होती.

लॉजच्या रजिस्टरात शेवटचा रकाना : येण्याचे कारण.
मी पेन टेकवलं, उचललं.
'तुळजापूर का अक्कलकोट?' मल्लिनाथ मॅनेजरांनी विचारलं.
'इथेच.'
'इथं कोण आहे?'
'कोणी नाही.'
चष्मा कपाळावर नेऊन ते म्हणाले,
आईला फोन लावून द्या.
दिला.
आईलाही तेच विचारायचं होतं.

मी समुद्राकाठची. मला ऊन माहीत आहे, असं वाटायचं.
आमचं ऊन अंगाला चिकटतं.
इथलं घाम यायच्या आधीच तो पिऊन टाकतं
आणि दुपारी एकला रस्ता असा रिकामा करतं
जसा कोणी फळा पुसावा.
चारपर्यंत झोपले. पंख्याचं एक पातं वाकडं होतं,
दर फेरीला काहीतरी सांगायला सुरुवात करायचं.

'दोन्ही देव करून देतो की, परत आणून सोडतो,' रिक्षावाला.
'नको.'
'मग किल्ला बघ. पंधरा मिनटात होतो बे…
ताई. ताई म्हणायलो.'

किल्ल्यात मी अडीच तास बसले.
बुरुजाच्या सावलीत पोरं भरतीचा अभ्यास करत होती,
सावली सरकेल तसं गोणपाट ओढत सरकत होती.
एकाने माझ्याकडे पाहून ओठ न हलवता विचारलं, 'कुठली पोस्ट?'
म्हटलं, काहीच नाही.
त्याने मान डोलावली. फार मोठी पोस्ट असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडच्या गल्ल्यांत शिरले.
भिंतीआड माग चालू होते,
गल्लीला दात वाजावेत तशी थंडी भरली होती,
एप्रिलमध्ये.
एका दारात राजमणी विडी वळत बसलेली.
शेजारणीशी तेलुगू, भाजीवाल्याशी कन्नड,
माझ्याशी मराठी. हात मात्र एकाच भाषेत.
'स्थळ बघायला आलीस का कुणाचं?'
'नाही.'
'मग बस.'

कात्रीने पान, चिमूटभर तंबाखू, दोरा.
मीही एक वळली.
तिने पाहिली, काही न बोलता उलगडली,
पान परत सुपात.

तेवढ्यात लाइट गेली.
सगळी गल्ली एका दमात गप्प.
आत मागावर टॉवेलातलं फूल
अर्धंच उमललेलं.
तिचा नवरा मागाला पाठ लावून जमिनीवर बसला,
तिने मला तांब्याभर पाणी दिलं,
आणि आम्ही तिघं त्या फुलाची वाट बघू लागलो.
वीस मिनिटं असतील. पाऊण तास असेल.
मी घड्याळ पाहिलं नाही, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.
मग खटक, आणि खटक,
आणि उरलेल्या पाकळ्या.
'झालं बघून,' राजमणी म्हणाली. 'आता जा. ऊन चढंल.'

निघताना रजिस्टरात सही करायची होती.
केळसकर, पुणे, विद्यार्थिनी,
आणि शेवटच्या रकान्यात
मी मोकळ्या सोडलेल्या जागेत
दुसऱ्याच कोणी काढलेली दोन लहान टिंबं :
वरीलप्रमाणे.
वर गुलबर्ग्याच्या पाच जणांचं कुटुंब होतं. देवदर्शन.
मल्लिनाथ म्हणाले, 'रिकामं ठेवलं तर पोलीस विचारत्यात.'

मी खोडलं नाही.

कुर्डुवाडीला भूक लागली. पिशवी उघडली.
कडक भाकरीचे इतके तुकडे झाले होते
की मोजायला सुरुवात करून सोडून दिली.
शेंगाचटणी सगळीकडे सांडलेली,
अगदी नोट्सवरसुद्धा.
समोरची बाई म्हणाली, 'सोलापूर का? कोण असतं तिथं?'
तोंड भरलेलं होतं,
म्हणून नुसताच हात पुढे केला.
तिने एक तुकडा घेतला.