कारण या रकान्यात

विम्याच्या अर्जात कारणासाठी सहा चौकोन आहेत:
गारपीट, वादळ, आग, जनावरं, चोरी, इतर.
मी विल्टशरला आले ती 'इतर'साठी,
जूनच्या शेवटच्या मंगळवारी,
पन्नास मीटरची टेप, ड्रोन
आणि गाडीत विसरलेलं कालचं सँडविच घेऊन.

फाटकाला बिस्किटांचा डबा टांगलेला, झाकणाला चीर:
'वर्तुळ पाहायचे दोन पौंड. कुत्री आवरा.'
माझ्याआधी एक होकायंत्रवाला येऊन गेला,
त्याची सुई म्हणे थरथरली.
ब्रिस्टलच्या दोघी अनवाणी आल्या,
मधोमध आडव्या झाल्या,
एकीची पाठदुखी थांबली.
मी डबा हलवून पाहिला. बऱ्यापैकी वाजला.

शेत टॅमसिन पॉथेकरीचं. जव, कमरेला लागेल इतका.
तिनं चालता चालता हिशेब सांगितला:
एवढे चौरस मीटर, एवढे टन, टनाला हा भाव.
आभाळाकडे एकदाही बघितलं नाही.

मी गुडघे टेकले.
देठ मोडले नव्हते, निजवले होते,
एकाच कुशीवर, दाटीनं,
आणि दर दीड हातावर फळीची कड उमटलेली:
डावीकडे खोल, उजवीकडे नुसती टेकल्यासारखी.
जे कोणी आलं होतं, ते लंगडत होतं.
मधोमध खुंटीएवढं भोक, तळाशी पांढरं,
कारण या टेकड्यांत
वीतभर मातीखाली सगळा खडूच.

शाळेत भूमितीच्या बाई
सुतळीला खडू बांधायच्या,
अंगठ्यानं मध्य दाबून धरायच्या
आणि फळाभर फिरायच्या.
इथे फळाच खडूचा,
आणि फिरणाऱ्याला रात्र पुरली नसावी:
त्रिज्या अकरा सत्तर, अकरा सत्तर, अकरा पासष्ट,
उत्तरेला एकदम दहा ऐंशी.
शेवट सुरुवातीला भेटलाच नव्हता.
मध्ये हातभर जव ताठ उभा.

परत येताना घरामागचं कुंपण दिसलं.
झुडपांवर चादरी वाळत होत्या, उशांचे अभ्रे,
एक मोजा थेट काट्यात.
बाजूला दोन लोखंडी खांब, मध्ये हवा.
ते अंतर मोजायला नको होतं.
मोजलं.
गाठींपुरतं सोडलं, तर तेच.

स्वयंपाकघरात तिचे वडील, क्लेमंट,
उजव्या गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी.
मी काही विचारलं नाही.
त्यांनीच विचारलं, "गोल आहे का ते?"

चाळीस वर्षांपूर्वी तिघं होते, म्हणाले.
दोघं आता चर्चच्या मागं.
किती रात्री, किती शेतं,
पण वरून कधी बघायलाच मिळालं नाही;
पेपरात एकदा छापून आलं,
ते नेमकं दुसऱ्याच कुणाचं.

मी ड्रोनचा फोटो पुढे केला.
त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, लावला.
"अंडं झालंय."
"उत्तरेला उतार आहे," मी म्हणाले,
"दोरी ढिली पडते."
"उतार नाही. तिथे मी जरा बसलो होतो."

टॅमसिननं नळ बंद केला.
बराच वेळ आमच्याकडे पाठ करून
एकच कप विसळत राहिली, पाण्याशिवाय.
मग म्हणाली, "अर्ज मागं घेते मी."
आणि मग, "बाबा, माझी दोरी."

सहाही चौकोन कोरे ठेवून
मी शेताच्या कडेनं गाडीकडे निघाले.
निजलेल्या जवानं वरच्या पेरात वाकून
डोकी उचलायला सुरुवात केली होती,
आधी कडेच्यांनी.
फाटकाशी नवीन गाडी थांबलेली.
एकानं काच खाली केली, मागच्या सीटवर दोन मुलं.
"तुम्ही बघून आलात? खरं आहे का ते?"

मी म्हणाले, दोन पौंड.
कुत्री आवरा.