कडेकडेनं

मडगावच्या डॉक्टरणीनं चौकटींचा एक कागद दिला.
म्हणाली, रोज सकाळी एक डोळा झाकून मधला ठिपका बघा,
रेघा वाकल्या तर लगेच या.
तिला काय ठाऊक, मी कुंकळ्ळीचा चितारी,
रेघ वाकली तर आमच्या घरात जेवण उशिरा मिळे.
बापूस पाटावरची रेघ नखानं तपासायचा
आणि न बोलता पाट पुन्हा माझ्यापुढे सरकवायचा.

कागद कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला.
आषाढात रेघा जराशा हलल्या,
पोहरा सोडल्यावर विहिरीतलं आभाळ हलतं तशा.
चवथीपर्यंत ठिपका गेला.
काळं काही दिसत नाही, लोकांना वाटतं तसं.
तिथं नुसतं काही नसतं.
ताटात मासा असतो आणि नसतो.
दारात आलेल्याला कान असतात, खांदे, छत्री,
तोंड तेवढं आवाजावरून लावून घ्यायचं.

वल्लभानं लेथवर दुसरा बल्ब लावला, मग तिसरा.
मग एकदा जेवताना म्हणाला, बाबा, आता पुरे.
मी आमटी मागितली.

लाखेच्या कांड्या आता खाचांनी ओळखतो.
तांबडीला एक, पिवळीला दोन, हिरवीला तीन.
काळीला काहीच नाही, ती उरते.
खाचा पाडल्या सुनेनं, सुलक्षानं.
कांडी फिरत्या लाकडाला टेकली की
लाकूड तापतं, लाख पाझरते, वास सुटतो.
हिरवीचा वास कडवट, असं मी म्हणायचो.
सुलक्षानं परीक्षा घेतली, दोनदा चुकलो.
तिसऱ्यांदा बरोबर आलं,
तेवढंच मी सगळ्यांना सांगतो.

पटाशी मात्र थापा मारत नाही.
गाठ आली की चिरकते,
लाकूड मऊ लागलं की पुटपुटते.
आणि केवड्याच्या पानानं घासताना बोटाला कळतं
कुठे झिलई धरली, कुठे अजून रुसवा आहे.
हे आधीही कळत असणार.
डोळे होते, म्हणून बोटाला कुणी विचारलं नाही.

वेरोड्याच्या इदालिनाबायनं पाळणा सांगितला,
नात नाताळाला यायची होती, पहिल्यांदाच.
बारा दांड्या. अकरावीवर
पिवळ्याच्या जागी तांबडा पट्टा बसला.
वल्लभ गप्प. इदालिनाबायनं हात फिरवला,
म्हणाली, "रावूं दी, सोबीत दिसता."
ती गेल्यावर मी दांडी उपटली, नवी कातायला घेतली.
माझ्यावर दया केली तर चालेल.
पाळण्यावर नको.

आता पाहायची रीत अशी,
की जे पाहायचं त्याच्याकडे पाहायचं नाही.
दांडीवरचा पट्टा हवा तर नजर दाराकडे टाकायची,
मग तो कडेनं येतो,
परकं मांजर ओसरीवर येतं तसा,
हाक मारली की पळणारा.

दारात कुशावती बसते,
वाल सोलत, नाहीतर उगाच.
पहिल्या दिवशी ती लाजली, या वयात,
पदर सारखा केला, म्हणाली, "कितें पळयतात?"
मी म्हटलं, पट्टा.
दोन दिवस चहा थंड मिळाला.

मग एका संध्याकाळी वीज गेली.
ती म्हणाली, काळोख झाला.
मला आधी मोटर थांबल्याचंच कळलं होतं.
बसलो तसेच. लाखेचा वास, डास,
पलीकडच्या घरात कुणीतरी भांडं पाडलं.
तेव्हा सांगून टाकलं तिला,
की तुझं तोंड समोरून पुसलं गेलंय,
तुला पाहायचं तर मला लेथकडे पाहावं लागतं.

ती थोडा वेळ वाल सोलत राहिली, अंधारातच.
मग म्हणाली,
म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही मलाच बघत होता.

वीज आली. हाताशी कांडी लागली.
तीन खाचा. हिरवी.